हलगीचा लूप, अमेरिकन रॅप आणि 'पारंपरिक' नावाचा रकाना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दादा, मी सांगली जिल्ह्यातला, मराठीत रॅप करतो. बीटमध्ये एका जुन्या रेकॉर्डिंगमधली हलगी कापून लूप केलीय, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. मित्र म्हणतो रॅप काळ्या अमेरिकन लोकांचा, हलगी मातंग समाजाची, तुझं स्वतःचं यात काय आहे, सगळी उचलेगिरीच. संगीत कुणाच्या मालकीचं असतं का? आणि असलं तर मग आपण गायचंच नाही का?"

मी बरीच वर्षं मुंबईत म्युझिक क्लिअरन्सचं काम करतोय. म्हणजे पिक्चरमध्ये, वेब सिरीजमध्ये, जाहिरातीत एखादं गाणं वापरायचं असेल तर त्याचे हक्क कुणाकडे आहेत ते शोधायचं, परवानगी मिळवायची आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार ते कागदावर आणायचं. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने आहे. तुझ्या मित्राचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या जागी निघतोय. एखाद्याने दुसऱ्याचं गाणं गायलं म्हणून आजवर कुणी उपाशी मेलं नाही, त्या गाण्याच्या कागदावर नाव दुसऱ्याचं लागलं म्हणून मात्र खूप जण मेलेत. आणि ते नाव कुणाचं लागणार हे अमेरिकेत कातडीच्या रंगावरून ठरायचं, आपल्याकडे बऱ्याचदा जातीवरून ठरलं.

अमेरिकेचं आधी सांगतो. १९२० मध्ये ओके नावाच्या कंपनीने मेमी स्मिथ या काळ्या गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही रेकॉर्ड काढली आणि ती धडाधड खपली, तेव्हा कंपन्यांच्या लक्षात आलं की काळे लोकही पैसे मोजून रेकॉर्ड घेतात. मग त्यांनी काय करावं, तर काळ्या कलाकारांचा कॅटलॉगच वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं 'रेस रेकॉर्ड्स'. दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांच्या संगीताची यादी वेगळी, तिला 'हिलबिली' म्हणायचे. आता गंमत म्हणून नाही, खरंच सांगतो, गावोगावी काळे आणि गोरे वादक एकमेकांकडून चाली शिकत होते, बँजो हे वाद्यच मुळात पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आलेलं, पण दुकानातली फळी वेगळी झाली आणि पुढे बँजो म्हणजे गोऱ्यांचं वाद्य असं लोकांच्या डोक्यात बसलं. गाजलेल्या गाण्यांच्या याद्या म्हणजे चार्ट छापणाऱ्या बिलबोर्ड मासिकाने १९४९ मध्ये 'रेस' हा शब्द काढून 'रिदम अँड ब्लूज' आणला. पाटी बदलली, फळी तीच राहिली. २०१९ मध्ये लिल नास एक्स या काळ्या पोराचं 'ओल्ड टाऊन रोड' बिलबोर्डच्या कंट्री, म्हणजे त्या जुन्या 'हिलबिली'च्याच, चार्टवर लागलं आणि नंतर काढून टाकलं, की यात कंट्री संगीताचा पुरेसा अंश नाही म्हणे. तेच गाणं मग मुख्य चार्टवर सलग १९ आठवडे एक नंबरला बसलं. म्हणजे शंभर वर्षांनीही हे तुमच्या फळीवरचं नाही असं कुणीतरी ऑफिसात बसून ठरवू शकतं.

आता लोक म्हणतात गोऱ्यांनी काळ्यांची गाणी चोरली. कायद्याने बघितलं तर चोरी नव्हतीच, आणि हेच जास्त वाईट आहे. १९०९ च्या अमेरिकन कायद्यानुसार एकदा गाणं रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की ठरलेली फी भरून कुणीही त्याची नवी रेकॉर्ड करू शकतो, कुणाला विचारायची गरज नाही, आणि ती फी जाते गीतकार-संगीतकाराच्या पब्लिशरकडे (म्हणजे त्यांच्या रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडे), मूळ गायकाला त्यातलं काही नाही. मग काळ्या गायिकेची रेकॉर्ड चालायला लागली की मोठी कंपनी एखाद्या गोऱ्या गायिकेला उभी करायची, तोच ठेका, त्याच जागा, तेच कोरस, आणि गोऱ्यांच्या रेडिओवर तेच वाजायचं. याच्यावर एक केससुद्धा झाली. पॉला वॉटसन या काळ्या गायिकेची रेकॉर्ड सुप्रीम नावाच्या छोट्या कंपनीने काढली होती, डेक्का या मोठ्या कंपनीने तेच गाणं एव्हलिन नाइट या गोऱ्या गायिकेकडून गाऊन घेतलं आणि ते एक नंबरला गेलं. सुप्रीम कोर्टात गेली (कंपनीचं नाव सुप्रीम, कोर्ट साधंच होतं) की आमची अरेंजमेंट उचलली. १९५० मध्ये निकाल आला आणि सुप्रीम कंपनी हरली, गाण्याच्या अशा मांडणीवर मालकी सांगता येत नाही असं ठरलं. पुढे लाव्हर्न बेकर या काळ्या गायिकेने वैतागून थेट तिच्या काँग्रेसमनला, म्हणजे खासदाराला, पत्र लिहिलं की माझी गाणी जशीच्या तशी उचलतात, कायदा बदला. बदलला नाही.

आणि रेडिओ. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकाराला मिळतात, गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला मिळत नाहीत, आजही नाही. हे डोक्यात ठेवून बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेची गोष्ट बघ. 'हाउंड डॉग' तिने १९५२ मध्ये रेकॉर्ड केलं, रिदम अँड ब्लूज चार्टवर सात आठवडे एक नंबर. १९५६ मध्ये एल्विस प्रेस्ली या गोऱ्या गायकाने गायलं आणि मग जे झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. पण गाणं लिहिलेलं कुणी, तर लीबर आणि स्टोलर या दोन गोऱ्या ज्यू पोरांनी, तेव्हा दोघंही विशीच्या आतले होते, आणि लिहिलेलं खास थॉर्नटनसाठी. म्हणून 'काळ्यांचं गाणं गोऱ्याने चोरलं' हे वाक्य इथे नीट बसत नाही, पण तिच्या गळ्याने, तिच्या दमाने त्या गाण्याला जे रूप आलं त्याचा एक पैसा रेडिओवरून तिला मिळाला नाही हेही तेवढंच खरं. रंगाचा अन्याय कायद्याच्या भोकातून असा आत येतो, त्यासाठी कुणी उघडपणे द्वेष करायचीही गरज पडत नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त छळणारी केस म्हणजे सॉलोमन लिंडाची, ती जरा सविस्तर सांगतो कारण तुझ्या हलगीचं उत्तर तिथेच आहे.

सॉलोमन लिंडा दक्षिण आफ्रिकेतल्या म्सिंगा भागातला झुलू माणूस, कामासाठी जोहान्सबर्गला आलेला, गॅलो या रेकॉर्ड कंपनीत रेकॉर्डी पॅक करायचं काम करायचा आणि 'इव्हनिंग बर्ड्स' नावाचा त्याचा गाण्याचा ग्रुप होता. १९३९ मध्ये त्याच कंपनीच्या स्टुडिओत त्यांनी 'म्बुबे' म्हणजे सिंह हे गाणं रेकॉर्ड केलं. तिसऱ्या टेकच्या शेवटी शेवटी लिंडाने वरच्या पट्टीत एक ओळ उत्स्फूर्त गायली, कुठे लिहिलेली नव्हती, तिथल्या तिथे सुचली, आणि तीच ओळ तू डिस्नेच्या 'द लायन किंग' पिक्चरमध्ये ऐकलीयस. आफ्रिकेत ती रेकॉर्ड लाखाच्या घरात खपली. लिंडाने हक्क कंपनीला दिले दहा शिलिंगला.

ती रेकॉर्ड लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्याकडून पीट सीगर या गोऱ्या अमेरिकन गायकाकडे पोचली आणि त्यांच्या 'द वीव्हर्स' ग्रुपने ती अमेरिकेत गायली. कागदावर संगीतकार म्हणून नाव आलं 'पॉल कॅम्पबेल'. या नावाचा माणूसच नव्हता! पारंपरिक गाण्यांवर हक्क सांगता यावा म्हणून त्यांनी घेतलेलं ते टोपणनाव होतं. म्हणजे आधी एका जिवंत कामगाराचं गाणं 'पारंपरिक' ठरवलं आणि मग त्या पारंपरिक गाण्यावर दुसऱ्याचं नाव चढवलं. आयत्या बिळावर नागोबा. सीगर हा माणूस वाईट नव्हता, उलट काळ्यांच्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेला माणूस, त्याने लिंडाला हजार डॉलरचा चेकही पाठवला होता आणि पुढची रॉयल्टी जात असेल असं तो धरून चालला. भल्या माणसाच्या हातूनसुद्धा हे होतं कारण कागद भला नसतो. १९६१ मध्ये इंग्रजी शब्द घालून 'द टोकन्स'ने तेच गाणं 'द लायन स्लीप्स टुनाइट' म्हणून काढलं, अमेरिकेत एक नंबर, आणि त्याच्या पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये लिंडा गेला, बँकेत जेमतेम काही डॉलर. त्याच्या कबरीवर दगड लावायलाही घरच्यांना कितीतरी वर्षं लागली.

पुढे बायकोकडून आणि मुलींकडूनही हक्क सोडल्याच्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. २००० मध्ये रायन मलान या दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या पत्रकाराने 'रोलिंग स्टोन'मध्ये हे सगळं बाहेर काढलं. मग ओवेन डीन या वकिलांनी एक जुनी तरतूद शोधली, मला या तरतुदीबद्दल फार आदर आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या कॉपीराइट कायद्यात असं होतं की लेखकाने हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांच्या इस्टेटीकडे परत येतात. म्हणजे १९८७ पासून त्या जुन्या साम्राज्यातल्या देशांपुरतं गाणं लिंडाच्या इस्टेटीचं. २००४ मध्ये डिस्नेवर दावा लावला आणि कंपनी अमेरिकेत असल्यामुळे कोर्टाला अधिकारक्षेत्र मिळावं म्हणून दक्षिण आफ्रिकेतले डिस्नेचे ट्रेडमार्कच जप्त करवले, त्यात मिकी माऊससुद्धा होता. २००६ मध्ये तडजोड झाली, मागची-पुढची रॉयल्टी कुटुंबाला आणि सॉलोमन लिंडाचं नाव सहसंगीतकार म्हणून कागदावर. गुलाम करणाऱ्या साम्राज्याच्या कायद्याने झुलू कामगाराच्या मुलींना न्याय दिला, आणि तोसुद्धा तिथे वकील चिवट होता म्हणून.

आता 'पारंपरिक' या रकान्याबद्दल. आमच्या कामात क्यू शीट नावाचा एक तक्ता असतो, पिक्चरमध्ये कुठल्या मिनिटाला कुठलं गाणं किती सेकंद वाजलं, गीतकार कोण, संगीतकार कोण, पब्लिशर कोण. त्यावरून पुढे पैसे वाटले जातात. मध्यंतरी एका सिरीजची क्यू शीट माझ्याकडे आली, एका लोकगीतासमोर दोन्ही रकान्यांत 'पारंपरिक'. क्लिप ऐकली, दोनच कडवी. मी मूळ रेकॉर्डिंग मागवून पूर्ण ऐकलं तर शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव गुंफलेलं! आपल्याकडे ही केवढी जुनी पद्धत आहे, तुकाराम महाराजांपासून 'तुका म्हणे', शाहिरांच्या लावण्या-पोवाड्यांत तेच, वामनदादा कर्डकांच्या भीमगीतांत शेवटी 'वामन' येतोच येतो. कवीने गाण्याच्या पोटातच सही करून ठेवलेली आणि एडिटमध्ये नेमकं तेच कडवं कापलेलं. कुणी मुद्दाम कापलं नव्हतं, तीस सेकंदच हवे होते. पण त्या कवीची नातवंडं आहेत, फोनवर सापडली, आणि मग शीट बदलून घेतली. तेव्हापासून 'पारंपरिक' लिहिलेलं दिसलं की मी आधी शेवटचं कडवं ऐकतो, तूही ऐकत जा.

मुंबईतही रंगाची आणि श्रेयाची एक जुनी साखळी आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा काळा अमेरिकन बँडलीडर आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, त्याच्या मागून टेडी वेदरफोर्ड वगैरे आले, स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता येत नव्हतं ते इथे वाजवत होते. त्यांचं ऐकून, त्यांच्या शेजारी बसून गोव्याची मुलं जॅझ शिकली, कारण गावच्या चर्चच्या शाळेत त्यांना नोटेशन, म्हणजे स्वर कागदावर लिहायची पद्धत, आधीच शिकवलेलं. त्यातला हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकेतला नामवंत काळा ट्रम्पेटवादक) म्हणायचे. पुणतांब्याच्या आपल्या सी. रामचंद्रांनी १९५१ मध्ये 'अलबेला' केला तेव्हा त्या ट्रम्पेटमागे, त्या अरेंजमेंटमागे चिक चॉकलेट होता, पडद्यावरही त्याचा बँड दिसतो. रामचंद्रांची चाल बावनकशीच, पण सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस या सगळ्या गोवेकरांनी वर्षानुवर्षं हिंदी गाण्यांचा पूर्ण ऑर्केस्ट्रा कागदावर लिहून दिला आणि टायटलमध्ये नाव एकाच संगीतकाराचं. अरेंजरला दिवसाचे पैसे, रॉयल्टी शून्य. गोन्साल्विस सरांचं नाव लोकांच्या तोंडी आलं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे, कारण त्यांच्या शिष्याने, प्यारेलालजींनी ते गाण्यात घातलं. काळ्या वादकांकडून गोव्याकडे आणि गोव्याकडून हिंदी सिनेमाकडे संगीत आलं, दरवेळी पोटात माया होती, शिकवणाऱ्याने शिकवलं, शिकणाऱ्याने जीव ओतला, आणि दरवेळी नाव मागच्या टप्प्यावरच गळून पडलं.

उलटंही होतं. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या काळ्या अमेरिकन गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' गाजलं, त्यात लताबाईंचा आवाज सरळ उचलून वापरलेला, १९८१ च्या 'ज्योती'मधलं बप्पी लाहिरींचं गाणं. विचारलं कुणालाच नव्हतं. लॉस एंजलिसच्या कोर्टाने बप्पीदांचं नाव दिल्याशिवाय विक्री थांबवायला सांगितली. शोषण झालेल्या समाजातला माणूससुद्धा दुसऱ्याला 'कुठलंतरी पूर्वेकडचं गाणं' समजू शकतो, म्हणून मी माणसाचा रंग बघून त्याला चोर किंवा साव ठरवत नाही, कागद बघतो.

रॅपचंच घे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ मध्ये कूल हर्क या जमैकन पोराने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डमधला नुसता ठेक्याचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, तिथून हे सुरू झालं, काळ्या आणि लॅटिनो गरीब पोरांच्या वस्तीत. आणि १९७९ मध्ये पहिलं मोठं हिट आलं 'रॅपर्स डिलाइट', त्यातल्या बिग बँक हँकने गायलेल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या होत्या, कॅझला श्रेय नाही, पैसे नाहीत. दोघंही त्याच वस्तीतले. त्याच ठेक्याच्या तुकड्यांपैकी सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे 'आमेन ब्रेक', १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स'च्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ग्रेगरी कोलमन या काळ्या ड्रमरने वाजवलेले सहा-सात सेकंद. हजारो गाण्यांत ते वापरलेत, इंग्लंडमध्ये 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे संगीतप्रकारच त्यावर उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये कंगाल अवस्थेत गेला, त्याला छदाम मिळाला नाही. ठेका हा 'रचना' धरला जात नाही ना, चाल धरली जाते. हलगीचं दुखणं नेमकं हेच आहे.

तर आता तुझं गाणं. रॅप कर, बिनधास्त कर, तुझ्या भाषेत आणि तुझ्या गावाबद्दल कर. फक्त दोन गोष्टी. अमेरिकन रॅपर एकमेकांना जी एन-वाली शिवी देतात ती तुझ्या तोंडी नको, ती शिवी ज्यांच्या पाठीवर चाबकासारखी पडली त्यांनीच ती वापरायची की नाही ते ठरवावं. आणि इंटरव्ह्यूमध्ये ब्राँक्सचं नाव घ्यायला लाजू नकोस.

हलगीचं जास्त काळजीने घे. हलगी मातंग समाजाने पिढ्यानपिढ्या वाजवली, लोकांच्या लग्नात, जत्रेत, मयताला, आणि वाजवून झाल्यावर त्यांना जेवायला वेगळं बसवलं जायचं. आज तीच हलगी कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये कूल झालीय, चांगलंच आहे, पण वाजवणाऱ्याचं नाव पोस्टरवर नसतं. ठेका वापरायला कायद्याने कुणी अडवणार नाही. पण तू ठेका नाही उचललास, एका माणसाने वाजवलेलं रेकॉर्डिंग उचललंस, आणि ते वेगळं आहे. आपल्या कायद्यात साउंड रेकॉर्डिंगवर ६० वर्षं निर्मात्याचा हक्क आणि वाजवणाऱ्याचा स्वतःचा परफॉर्मर म्हणून हक्क ५० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर परफॉर्मरचं नाव देणं हासुद्धा त्याचा हक्क आहे. म्हणजे परवानगी दोघांची लागेल.

माझं ऐकशील तर लूप काढूनच टाक आणि जवळच्या गावातल्या हलगीवाल्याला स्टुडिओत घेऊन ये. दिवसाचे पैसे दे, पण तेवढ्यावर मिटवू नकोस, त्याला रचनेत वाटेकरी कर, कारण तुझ्या बीटचा कणा तो आहे. एका कागदावर दोघांची पूर्ण नावं, कुणाचा किती टक्के हिस्सा, तारीख, सह्या, आणि मराठीत लिही, त्याला वाचून दाखव. अपलोड करताना डिस्ट्रिब्युटरच्या (गाणं ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये संगीतकार आणि वादक या रकान्यांत त्याचं नाव टाक, नुसतं व्हिडिओखाली 'स्पेशल थँक्स' नको, त्याने पैसे येत नाहीत.

नाव जपायचं ठरवलं तर जपता येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आता त्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या वेबसाइटवर ऐकायला मिळतात, आणि बाईचं नाव, तिचं गाव सगळं सोबत लिहिलेलं असतं. जात्यावर बसलेल्या बाईच्या ओवीपेक्षा 'पारंपरिक' काय असणार, तरी त्यांनी तो शॉर्टकट घेतला नाही.

आणि तुझ्या मित्राला तुझ्याच जिल्ह्यातली गोष्ट सांग. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मण माणूस, तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले, गावाने आणि जातीने वाळीत टाकलं तरी मागे फिरले नाहीत. त्यांना मी उचल्या म्हणणार नाही, त्यांनी किंमत मोजली. पण त्या फडाला जिच्यासाठी गर्दी लोटायची ती पवळाबाई, महार समाजातली, तिचं नाव आज किती जणांना सांगता येतं ते वर्गात विचारून बघ.

लूपची मूळ फाइल आणि जिथून घेतलीस ती लिंक पाठव, कॅसेटवर कंपनीचं नाव असेल तर हक्क कुणाकडे गेलेत ते मी काढून देतो. वादकाचं नाव बहुतेक आतल्या कागदावर असेल, तिथला फोटो नीट काढ.